मुक्कामी गाडीची गावं

आनंदाविषयी सांगायचं तर पहिली अडचण ही की, प्रभाकररावांना तो फारसा माहीतच नव्हता. त्यांनी त्याला समोरासमोर पाहिलं ते मोजक्याच वेळा, आणि तेही कळंबोलीच्या ऑफिसात, टेबलाच्या अलीकडून पलीकडे. बाकी सगळी ओळख फोनवरची. त्याला मुलं किती, हे त्यांना सांगता आलं नसतं. एक मुलगी सासरी आहे एवढं कानावर आलं होतं. तो कधी रडला असेल का, रागावला तर कसा दिसायचा, त्याचं कुणाशी वैर होतं का, काहीच ठाऊक नाही. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर एखाद्या माणसाबद्दल बोलावं का, हा प्रश्न प्रभाकररावांना अजूनही पडतो. पण ज्यांना तो जास्त माहीत होता त्यांच्याकडून हे कुणी ऐकून घेणार नाही. तेव्हा जे आहे ते असं.

आनंदा उरणकडचा, खाडीकाठच्या एका गावातला. बाप डोलीची, म्हणजे खाडीत जाळं बांधून ठेवायची मासेमारी करायचा. बंदर आलं, भराव पडले, खाडीत गाळ साचत गेला आणि जाळ्यात माशांपेक्षा चिखल जास्त यायला लागला. तेव्हा आनंदाने होडी किनाऱ्याला ओढून पालथी घातली आणि न्हावा शेव्याच्या कंटेनर गाड्यांवर चढला. पुढची सगळी उमर त्याने त्या लांबलचक ट्रेलरवर काढली. आपलं गाव ज्या बंदराने खाल्लं त्याच बंदराचा माल वाहतो, यात त्याला काही विशेष वाटत नसे. निदान तो तसं बोलून दाखवत नसे. गाडीत एका डब्यात सुकट असायची. तिच्या वासाने बाकीचे ड्रायव्हर त्याच्या केबिनपासून चार हात लांब उभे राहायचे.

त्याची एक गोष्ट मात्र सगळ्या कळंबोलीला माहीत होती. तो कुठेही झोपू शकायचा. डोलीच्या मासेमारीत जाळं लावायचं आणि भरती-ओहोटीचं पाणी फिरायची वाट बघत होडीतच पडायचं. पाणी फिरलं की जाग आलीच पाहिजे. लहानपणीच अंगात भिनलेली ही सवय त्याला गाडीवर कामाला आली. बाजूला हातोडे पडत असले, भोंगे वाजत असले, तरी तो सीटमागच्या फळीवर आडवा झाला की मिटला. आणि उठायच्या वेळी कुणी हाक न मारता उठायचा. गडी त्याला चिडवायचे, “आनंदाला झोपेत चोरून नेला तरी कळायचा नाय.” तो म्हणायचा, “न्या ना. खायला घाला फक्त.”

प्रभाकरराव कळंबोलीच्या त्या ऑफिसात कसे गेले तेही सांगायला हवं. ते एसटीतले. सोलापूरकडे कंडक्टर म्हणून लागले, पुढे बदली होऊन पनवेल डेपोत आले आणि कंट्रोलर होऊन निवृत्त झाले. ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावणं हे त्यांचं काम. कोणाचे स्टिअरिंगचे तास किती झाले, कोणाची विश्रांती बाकी, हे जुळवण्यात त्यांची हयात गेली. माणूस भिडस्त, चारचौघांत आवाज फुटायचा नाही, पण वेळापत्रक मांडायला बसले की एक तासही चुकायचा नाही. निवृत्तीनंतर नवीन पनवेलला घरी बसून कंटाळले होते, तेव्हा कळंबोलीच्या कुंदन नावाच्या तरुण ट्रान्सपोर्टवाल्याने त्यांना बोलावून घेतलं. कुंदनच्या गाड्या बंदरातून औषधांचा कच्चा माल हैदराबादला नेत. तिकडच्या कंपनीने नवीन अट घातली होती.

“काका, कायदा तर जुनाच आहे,” कुंदन म्हणाला. “एका ड्रायव्हरने दिवसात आठ तासांवर गाडी चालवायची नाही, मध्ये ब्रेक, नंतर झोप. आजपर्यंत विचारतंय कोण? पण आता पार्टीने गाडीत जीपीएस लावलंय. आठच्या वर चाक फिरलं की त्यांच्या स्क्रीनवर लाल. दोनदा लाल झालं की काम दुसऱ्याला. तुम्ही एसटीवाले, तुम्हाला हे हिशेब पाठ. मला नीट प्लॅन करून द्या.”

प्रभाकररावांनी तो करून दिला. हैदराबादला जायला एका ड्रायव्हरला दोन पाळ्या लागतात, मधे मुक्काम. दोन ड्रायव्हर असले तर एक झोपतो, दुसरा चालवतो, गाडी थांबत नाही. तेव्हा जोड्या लावल्या. आनंदाची जोडी काळूरामशी. काळूराम लातूरकडचा, बडबड्या, आणि सुकटीचा वास सहन करणारा एकटाच.

पहिल्याच दिवशी प्रभाकररावांनी आनंदाला कागद समजावून सांगितला. “हे पहा आनंदाजी, तुम्ही टेंभुर्णीपर्यंत चालवायचं, तिथून पुढे काळूराम...”

आनंदा हसायला लागला. “मना जी-बी नको साहेब. घरी माजी बायको गंगाबाई मना अरे बोलतं. तुमी अहो बोललात तर मना वाटंल कुनी दुसराच उभा हाय मागे.”

प्रभाकररावांना ते शेवटपर्यंत जमलं नाही. ते आनंदाला ‘तुम्ही’च म्हणत राहिले. आणि तो त्यांना ‘साहेब’, क्वचित लाडात आला तर ‘टायमवाले साहेब’.

दोन हजार वीस साल उजाडलं आणि मार्चमध्ये सगळं बंद झालं. ढाबे बंद, पंक्चरवाले बंद, हमाल गावी निघून गेले. काळूराम लातूरला आईला भेटायला गेला होता, तो तिकडेच अडकला. बाकीच्या ड्रायव्हरांतले निम्मे चालत, मिळेल त्या वाहनाने आपापल्या मुलखात निघून गेले. पण औषधाच्या मालाला परवानगी होती, उलट तो आधी हवा होता. बंदरात कंटेनर साचले होते. हैदराबादहून कुंदनला दिवसातून दहा फोन यायचे. आणि जोड्या लावायला माणसं नव्हती. आनंदा होता, आणखी दोघं-तिघं होते, प्रत्येक जण एकटा.

प्रभाकररावांना वयामुळे घराबाहेर पडायला बंदी. त्यांच्या पत्नी कुमुदताईंनी दाराची वरची कडी घालून ठेवली होती. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ते फोनवरून गाड्या लावत. एकट्या ड्रायव्हरची गाडी, म्हणजे मधे मुक्काम आलाच. आठ तास चाक फिरणार, मग माणसाने आंघोळ करून, खाऊन, झोपून पुन्हा उठायचं. एरवी ड्रायव्हर ढाब्यावर खाट टाकून झोपतात. आता ढाबे नाहीत. मग झोपायचं कुठे?

इथे प्रभाकररावांना एक गोष्ट सुचली. सुचली तेव्हा त्यांना फार बरं वाटलं, असं कुमुदताई सांगतात. बऱ्याच दिवसांनी ते जेवताना बोलले.

एसटीत मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी शेवटची फेरी करून आडगावात जाते, तिथेच राहते आणि पहाटे पहिली फेरी करून तालुक्याला येते. कुणी तिला वस्तीची गाडीही म्हणतं. त्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर म्हणजे गावाचे पाहुणे. देवळाच्या ओसरीत नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात त्यांची पथारी. कुणाच्या घरून भाकरी येणार, कुणाच्या घरून कोरड्यास, हे गावाने ठरवलेलं. सांगावं लागत नाही. सकाळी गरम पाण्याची बादली. बदल्यात पहाटे एखाद्या म्हातारीसाठी गाडी दोन मिनिटं थांबते, एवढंच. प्रभाकररावांनी तरुणपणी अशा गावांत कितीतरी रात्री काढल्या होत्या. सोलापूरच्या हमरस्त्याला लागून, फाट्यावर वसलेली अशी काही गावं त्यांना अजून तोंडपाठ होती.

त्यांनी आनंदाचा मुक्काम त्या गावांत लावला. जी गावं पिढ्यान्‌पिढ्या परक्या ड्रायव्हरला भाकरी देत आली, ती औषधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला ओसरी नाकारतील, हे त्यांच्या मनातही आलं नाही. एसटीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी हा भरवसा ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेल्यावर आनंदाचा फोन आला.

“साहेब, तुमचं गाव गावलं.”

“मग? जेवलात का?”

“गावात शिरायचा रस्ताच नाय साहेब. बाभळीचं काटं टाकल्यानी, त्याच्यापुढं बैलगाडी आडवी. पोरं काठ्या घेऊन उभी हायत. मी लांबूनच ओरडून सांगितलं, औषधाची गाडी हाय, मना नुस्तं झाडाखाली पडू द्या. त्यांनी गाडीचा नंबर बघितला.”

“नंबर?”

“एमएच छेचाळीस. बोलतात, पनवेलची हाय, मुंबईची घान घेऊन आलाय. एकानं दगड उचलला साहेब. मारला नाय. उचलला फक्त.”

“तुम्ही माझं नाव सांगायचं होतंत,” प्रभाकरराव म्हणाले.

“सांगितलं नं. कंडक्टर परभाकर. पोरं हसली. ती कधीची जन्मलेली, त्यांना कुठचा परभाकर?”

त्या गावात काशिराम नावाचा माणूस होता, प्रभाकररावांच्याच वयाचा. त्याच्याच ओसरीवर ते झोपत. जुन्या डायरीतून, मग त्याच्या नातवाकडून, असा कसातरी फोन लागला. काशिरामला ओळख पटली, तेव्हा त्याचा आवाज एकदम उघडला.

“कंडक्टर मास्तर! जिवंत हाव का! अवो, तुमी जायच्या आधी आमची म्हातारी तुमच्या डब्यात शेंगाची चटनी घालायची, आठवतंय का न्हाई?”

प्रभाकररावांना आठवत होतं. मग त्यांनी हळूहळू विषय काढला.

“मास्तर,” काशिराम म्हणाला, “तुमी या. आत्ता या. घर तुमचंच हाय, कुनाच्या बापाची हिंमत न्हाई. पर ती गाडी नगा धाडू. हितं दवाखाना न्हाई, काय न्हाई. पोरं म्हन्तेत एक जरी आला तर सगळं गाव जाईल. म्या कुनाकुनाला सांगू?”

“तो माणूस चांगला आहे, काशिराम.”

“असंल की. आमीबी वाईट न्हाई, मास्तर.”

प्रभाकररावांनी फोन ठेवला. कुमुदताईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, तब्येत बरी आहे त्याची.

दुसरं गाव, तिसरं गाव, तेच. एका ठिकाणी निदान फाट्यावर पाण्याचा हंडा ठेवला होता. आनंदा प्यायला आणि त्याची पाठ वळल्यावर कुणीतरी तो हंडा काठीने ढकलून दिला. तो हे हसत सांगायचा. “हंड्याला करोना झाला साहेब.”

मग हमरस्त्याच्या कडेलाच गाडी उभी करायची ठरलं. एप्रिलचं ऊन, लोखंडाची केबिन. आनंदा म्हणायचा, आत पडलं की बोंबील वाळतो तसा वाळतो मी. खाली झाडाखाली पडावं तर पोलिसांची गाडी येऊन काठी आपटायची, इथे थांबायचं नाही, पुढे घ्या. पोलिसांचंही बरोबर, त्यांना वरून तसाच हुकूम होता. आनंदा गाडी पुढे घ्यायचा, पुढच्या नाक्यावर तीच गत. आणि गाडी हलली की हैदराबादच्या स्क्रीनवर लाल.

“काका, विश्रांतीच्या वेळात चाक फिरतंय!” कुंदनचा फोन यायचा. “पार्टी बोंबलतेय. आनंदाला सांगा, एकदा थांबला की थांबला.”

“कुंदन, त्याला थांबू देत नाहीत.”

“मग मी काय करू काका? सांगा ना. माल औषधाचा आहे. तिकडे लोक मरतायत. गाडी थांबवू का सगळीच? आज ड्रायव्हर दुसरा देऊ शकत नाही, कुठून देऊ?” आणि मग खालच्या आवाजात, “मलाही झोप नाहीये काका.”

कुंदन खोटं बोलत नव्हता. प्रभाकररावांना तेच जड जायचं. या सगळ्यात ज्याच्यावर चिडावं असा एकही माणूस त्यांना सापडत नव्हता.

शेवटी आनंदाने त्यातून वाट काढली. गाडी उभी करायची आणि कुणी हलवायला आलं तर हातापाया पडून तिथेच टिकायचं. चाक फिरलं नाही म्हणजे कंपनीचं समाधान. स्क्रीनवर हिरवं. पण हातापाया पडणारा माणूस झोपत नसतो. त्या यंत्राला गाडी थांबलेली दिसायची, आत माणूस टक्क जागा बसलाय ते दिसायचं नाही. प्रभाकररावांच्या वेळापत्रकात सगळं नियमात होतं. हैदराबादहून शाबासकीचा निरोप आला, तो कुंदनने त्यांना पाठवलासुद्धा, अंगठ्याच्या चित्रासकट.

त्यांनी आनंदाला विचारलं, “खरं सांगा, किती झोप झाली?”

“तुमच्या कागदावर मी बेस झोपलोय साहेब,” तो म्हणाला. “तिकडं मी घोरतोय पन.”

फेरी संपवून तो परत आला की निदान घरी जाऊन पडेल, असं प्रभाकररावांना वाटत होतं. तेही नव्हतं. त्याच्या गावानेही वेशीवर बांबू बांधले होते. बंदरावर जाणाऱ्या, गाडीवर असणाऱ्या माणसाने गावात यायचं नाही, असं पंचायतीने सांगितलं. आनंदाचं स्वतःचं घर तिथून दिसायचं. गंगाबाई बांधावर यायची, तांदळाची भाकरी आणि कालवण दगडावर ठेवायची आणि मागे सरून उभी राहायची. तो जेवायचा. दोघं लांबून बोलायची. मग तो डबा खाडीच्या पाण्यात घासून तिथेच पालथा घालून कळंबोलीला यायचा आणि गाड्यांच्या रांगेत आपल्याच केबिनमध्ये बसायचा.

हे प्रभाकररावांना आनंदाने सांगितलं नाही. गंगाबाईने सांगितलं. तिने नंबर कुठून मिळवला कोण जाणे. एक दिवस सकाळी फोन आला.

“साहेब हाय का? मी गंगाबाई. आनंदाची.”

“बोला, बोला.”

“साहेब, तो झोपत नाय. मना लांबून दिसतंय नं. डोले असे आत गेलंन. भाकर तोंडाशी नेतो नि तसाच ऱ्हातो. काल मी हाका मारतंय, तो बघतोय माज्याकरं नि त्याला मी दिसत नाय. तुमी त्याचं टायम लावता ना? मंग त्याला झोपेचा टायम लावा. दुसरं काय नको आमाला.”

प्रभाकरराव हो म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी पुन्हा नकाशा पुढे ओढला. नकाशावर पनवेलपासून हैदराबादपर्यंत इतकी गावं होती, अक्षरं एकमेकांत शिरली होती.

त्यांनी कुंदनला सांगितलं, याला काही दिवस सोडा. कुंदन लगेच कबूल झाला. “सोडतो काका, पण जाईल कुठे?”

त्यावर कुमुदताईंनीच आठवण केली. जवळच विचुंब्याला त्यांच्या मुलाचा, निनादचा फ्लॅट रिकामा पडला होता. निनाद पुण्याला अडकलेला. पलंग होता, पंखा होता, नळाला पाणी होतं.

“विचारा तर खरं सोसायटीला,” त्या म्हणाल्या.

“ते नाही म्हणतील.”

“नाही म्हणाले तर नाही. विचारायला काय जातंय?”

प्रभाकररावांना फोनवर कुणाकडे काही मागायचं म्हणजे नको वाटायचं. तरी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरी शशिकलाबाईंना फोन लावला. आधी हवापाण्याचं बोलले, मग सांगितलं. शशिकलाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, मला अगदी वाईट वाटतंय हो. पण आपल्याकडे आम्ही दूधवाल्यालाही गेटवर थांबवतोय. आणि हा सगळ्या हायवेवरून फिरलेला माणूस. लिफ्ट, जिना, सगळं कॉमन. सीनियर सिटिझन्स किती आहेत आपल्याकडे! उद्या तुम्हालाच काही झालं तर?”

“मी तिथे राहत नाही.”

“तेच म्हणते मी. बिल्डिंगमध्ये आम्ही राहतो ना.”

त्यांचंही चुकलं नव्हतं. काशिरामच्या गावात बाभळी होत्या, इथे गेट होतं, एवढाच फरक. प्रभाकररावांना कुठेतरी असंही वाटून गेलं की, स्वतःच्या मजल्यावर कुणी परका ड्रायव्हर आणला असता तर आपणही कडीच घातली असती. घातलेली होतीच. दाराकडे बघून ते उठले आणि आत गेले.

आनंदाने सुट्टी घेतली नाही. घेऊन कुठे बसायचं? केबिनमध्ये बसण्यापेक्षा गाडी चालती बरी, वारा तरी लागतो, असं तो म्हणाला. मे सुरू झाला होता. फोनवर त्याचा आवाज बदलला होता. शब्दांच्या मधे नको तिथे थांबायचा. एकदा प्रभाकररावांनी विचारलं, तुम्हाला तर कुठेही झोप लागायची, मग आता गाडीतच डोळे मिटून पडता येत नाही का?

“तेच मी बघतोय साहेब,” तो म्हणाला. “मिटतो. पन आत कुनी काठी आपटल्यासारखं होतं. कुनी नसतंय. तरी होतं.” मग थोडं थांबून, “पानी फिरायचंच बंद झालं बघा.”

पुढच्या फेरीसाठी प्रभाकररावांनी अखेरचा उपाय केला. त्यांनी गावांचा नाद सोडला आणि पेट्रोल पंपांना फोन लावायला सुरुवात केली. लाजत, अडखळत, एकापुढे एक. बहुतेकांनी नाही म्हटलं, काहींनी उचलला नाही. सोलापूरच्या अलीकडे एका पंपाचा मालक मात्र म्हणाला, “पाठवा. आमची पोरं गावी गेलीत, खाट रिकामी आहे. झाडाखाली टाकतो. लांबूनच काय ते.” प्रभाकररावांनी त्याचं नाव दोनदा विचारून घेतलं, जणू ते नाव विसरलं तर ती खाट नाहीशी होईल.

या वेळी मुक्काम लांब ठेवला. दिवस मावळायच्या आत पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघायचं. कंपनीला माल उशिरा मिळणार होता. प्रभाकररावांनी कुंदनला न विचारता तसं लावून टाकलं आणि मग सांगितलं. कुंदनने ते चालवून घेतलं.

पुढचं प्रभाकररावांना तुकड्यातुकड्यांनी कळलं. आनंदा पंपावर वेळेत पोचला. तिथे त्याला कुणी हटकलं नाही, कुणी काठी आपटली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तो ठरल्याप्रमाणे निघाला. उमरग्याच्या पुढे रस्ता सरळ आहे, दोन्ही बाजूंना उघडं रान, समोरून गाडी नाही. चांगलं लख्ख ऊन होतं. त्या सरळ रस्त्यावर ट्रेलर हळूहळू डावीकडे गेला आणि खाली उतरून उलटला. ब्रेकच्या खुणा नव्हत्या. पोलिसांनी डुलकी लागली असं लिहिलं, कुणी टायरचं म्हणालं. आठ तासांतले फार थोडे तास झाले होते. जीपीएसवर सगळं हिरवंच होतं.

प्रभाकररावांनी पंपाच्या मालकाला फोन केला. तो बिचारा हबकला होता. “मी स्वतः बघितलं साहेब,” तो म्हणाला. “अहो, खाट दिली, उशी दिली. तो खाटेवर बसला होता. संध्याकाळी बसलेला, मी दिवा बंद करायला आलो तेव्हा बसलेला, सकाळी मी उठलो तेव्हाही तसाच. पाय खाली सोडून. मी म्हटलं, पडला नाहीत का? तर म्हणाला, पडलो, पडलो, लई बेस पडलो.”

आनंदाचा देह परत आणू दिला नाही. तिकडेच सगळं उरकलं. गावच्या बांधावर गंगाबाई होती, तिला फोनवरून सांगावं लागलं. ते काम कुंदनने केलं. प्रभाकररावांनी करायचं ठरवलं होतं, पण नंबर लावून त्यांनी कापला, पुन्हा लावला, पुन्हा कापला. पुढे गावाने वेस उघडली तेव्हा कुंदन जाऊन आला. गंगाबाईने त्याला पाणी दिलं आणि साहेब बरे आहेत का, एवढं विचारलं. प्रभाकरराव अजून तिकडे गेलेले नाहीत. त्यांनी कुंदनचं काम सोडलं. कुंदनने कारण विचारलं नाही. दुसऱ्या माणसाने नवीन कागद केले असतील. नियम तोच आहे, आणि तो चांगला नियम आहे, यात प्रभाकररावांना शंका नाही.

पंपावरून आनंदाने केलेला फोन हे त्यांचं शेवटचं बोलणं. दिवेलागणीची वेळ होती. कुमुदताई आत निरांजन लावत होत्या.

“पोचलो साहेब. गाडी आत घेतली त्यांनी.”

“कुणी काही बोललं नाही ना?”

“नाय हो. मानूस बरा हाय. लिंबाचं झाड हाय, खाली खाट टाकल्यान. टाकीवर आंघोल पन केली, साबन लावून.”

“आणि जेवण?”

“डाळ-भात दिलान. गरम होता. तुमचं झालं का जेवन?”

“व्हायचंय अजून. आनंदा, उद्या उजाडेपर्यंत तुम्हाला कुठेही जायचं नाही. कुणी उठवणार नाही. पडा आता.”

“हो, पडतो नं. वारा बेस सुटलाय. तुमी जेवा जा, गार होईल.”

“बरं, ठेवतो मग.”

“ठेवा.”